जाण्याची वहिवाट

घर बघायला गेलो तेव्हा दुपारचे पावणेचार झाले होते. जिना अरुंद, कठडा तेलकट, आणि पुढे दलाल धापा टाकत चढत होता. त्याला सगळे ‘लगेच’ म्हणायचे, कारण व्यवहाराचं बोलू लागला की दर वाक्यात तो शब्द यायचा. कागद लगेच, ताबा लगेच, भाडेकरू लगेच.

“पहिलंच घर ना?” त्याने मागे न बघता विचारलं.

“हो.”

“मग लहान घ्या, जुनं घ्या. चुकलं तरी लहानच चुकतं.”

मला हे पटलं. आमच्याकडे माझ्या चुका मोठ्याच धरल्या जातात. तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं तेव्हा बाबांनी चार दिवस माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. थोरले काका मात्र रोज यायचे, पेपर वाचता वाचता म्हणायचे, “आमच्या वेळी मुलं नापास व्हायची, पळून नाही जायची.” मी नापास झालो नव्हतो. पण काकांना माहितीचा कधीच अडथळा होत नाही.

आई गेली त्याला पाच महिने झाले होते. तिने आपल्या विम्याला माझं एकट्याचं नाव लावून ठेवलं होतं, बाबांना न विचारता. जन्मात एवढी एकच बंडखोरी तिने केली आणि तीही मेल्यावर उघडकीला आली. मला रडू आलं नव्हतं. दात काढताना गाल बधिर होतो ना, तसं सगळं अंगच झालं होतं. चावलं तरी कळत नाही, आणि कळत नाही म्हणून माणूस चावत राहतो.

घर घेऊन भाड्याने द्यायचं, ही कल्पना काकांची. त्यांनी स्वतः आयुष्यात एक खोली घेतलेली नाही. राहतात ते आजोबांनी बांधलेल्या घरात. पाण्यात न उतरलेला माणूसच काठावरून जास्त ओरडतो. बाबांनी त्यावर आपली अट जोडली : ताबा मिळाल्यापासून तीन महिन्यांत भाडेकरू आला नाही, तर घर विकायचं आणि मुकाट कॉलेजात जाऊन बसायचं. पैसे माझे, मुदत त्यांची. मी ‘बरं’ म्हटलं. तेव्हा मी सगळ्यालाच बरं म्हणत होतो. पण त्या कॉलेजात मी परत जाणार नव्हतो, एवढं एक त्या बधिरपणातही पक्कं होतं.

घर दुसऱ्या मजल्यावर. पुढच्या दारापासून सरळ आत जाणारा लांब बोळ, डाव्या हाताला दोन खोल्या, आणि बोळाच्या टोकाला मागचं दार. लगेचने ते उघडून दाखवलं आणि आम्ही दोघंही अर्धं पाऊल मागे आलो. दाराबाहेर काही नव्हतं. गॅलरी नाही, जिना नाही. खाली गल्ली.

“पूर्वी गॅलरी असेल. पडली असेल,” लगेच म्हणाला आणि दार लावून घेतलं.

घराचा मालक, एक वाळका म्हातारा, खुर्चीत बसून आमच्याकडे बघत होता. त्याला घर विकायची घाई नव्हती, आमच्याशी बोलायचीही नव्हती. चार वाजून दहा मिनिटं झाली तसा तो उठला. पुढचं दार सताड उघडलं, मग मागचं. दोन्हीकडचा उजेड बोळात एकमेकाला भिडला. मग तो बोळाच्या भिंतीला नाक लावून उभा राहिला, शाळेत शिक्षा केल्यासारखा.

“इकडं या. भिंतीकडे तोंड करा,” तो हळूच म्हणाला.

लगेचने मला डोळा मारला आणि उभा राहिला. मीही राहिलो. आधी वास आला. खोल खणलेल्या मातीचा, गार वास. दुसऱ्या मजल्यावर. मग मानेवरचे केस जरा हलले, अरुंद वाटेत कुणी अगदी जवळून गेलं की हलतात तसे. बस्स, एवढंच. म्हाताऱ्याने दोन्ही दारं लावली.

“झालं. रोज थोडी हवा येऊ देतो.”

निघताना त्याने मला उंबऱ्यात थांबवलं. “पोरा, वहिवाट आहे बरं का घरातून. कागदात लिहिलीय. मी लपवलेलं नाही.”

“कसली वहिवाट?”

“इथे टेकाड होतं. एवढं उंच, आपण उभे आहोत तिथवर. इमारतीसाठी कापलं. टेकाडावरून पायवाट होती.” त्याने मागच्या दाराकडे हनुवटी उडवली. “टेकाड कापता येतं. वाट कोण कापणार?”

“कुठे जायची वाट?”

“जायची,” म्हातारा म्हणाला. “यायची नाही.”

लगेचने माझं कोपर धरून मला जिन्याकडे वळवलं. “वय झालंय,” तो खाली उतरताना म्हणाला. “म्हणून तर स्वस्तात सुटतंय.”

खरेदीचा कागद काकांनी वाचला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, ओठ हलवत. एका ओळीवर मीच बोट ठेवलं. ‘घरातून पूर्वापार चालत आलेल्या जाण्याच्या वहिवाटीस लिहून घेणार कोणताही अडथळा करणार नाही.’ लिहून घेणार म्हणजे मी.

“हे काय आहे?”

“वहिवाट म्हणजे गटाराची. सगळ्या कागदांत असते.”

“घरातून गटार कसं जाईल, काका?”

“ज्याला कॉलेज झेपलं नाही त्याने मला कागद शिकवू नयेत. कर सही.”

बाबा शेजारी बसून होते. ते नेहमीप्रमाणे टेबलाकडे बघत राहिले. मी सही केली. ती घरासाठी केली की काकांचं तोंड बंद व्हावं म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही.

ताबा मिळाला. रंगाऱ्याचा खर्च नको म्हणून मीच रंग लावायला घेतला. तिसऱ्या दुपारी मी बोळात होतो, दोन्ही दारं बंद. पुढच्या दारापाशी पाऊल वाजलं. कडी हलली नाही, दार हललं नाही, पाऊल मात्र दाराच्या आत वाजलं. खाली फरशी होती आणि आवाज मुरमाचा होता. कर्रर्र… कर्रर्र… सावकाश, वजनदार. मातीचा वास भरून आला. मी ब्रश हातात धरून भिंतीकडे तोंड केलं. पावलं माझ्यामागून गेली आणि मागच्या दारापाशी थांबली. मग कडी वाजायला लागली. जोरात नाही. परक्या घरी गेलेला भिडस्त माणूस वाजवेल तशी… जरा थांबून, पुन्हा जरा.

दहा मिनिटं कडी वाजत राहिली. शेवटी मी डोळे मिटून चाचपडत गेलो आणि कडी काढली. दार आपोआप उघडलं. वास ओसरला.

भीती वाटायला हवी होती. मला फक्त ‘बरं, हेही आहे’ असं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून चार वाजून दहा मिनिटांनी मी दोन्ही दारं उघडायला लागलो. पावलं यायची, जायची. त्याचा काही त्रास नव्हता. आमच्या घरातली जिवंत माणसं याहून जास्त त्रास देत होती.

त्रास होता तो भाडेकरू न येण्याचा. अडीच महिने झाले. काका आता रोज दोनदा यायला लागले, आणि बाबांनी कॉलेजातून प्रवेशाचा अर्ज आणून माझ्या उशीवर ठेवला. मी लगेचकडे गेलो.

“बोळ वाया चाललाय साहेब,” तो म्हणाला. “ते मागचं दार बघूनच गिऱ्हाईक पळतं. लहान मूल असलं की संपलंच. बुजवून टाका. टोकाला एक पलंग बसतो. दोन खोल्यांचं घर लगेच अडीच खोल्यांचं.”

म्हाताऱ्याचा शब्द मला आठवत होता. कागदातली ओळही पाठ होती. मी गवंड्याला बोलावलं. त्याने एका सकाळीत दार काढलं, विटा रचल्या, गिलावा केला. मी वरून रंग दिला. चारच्या आत मी तिथून निघालो, आणि पुढचे आठ दिवस दुपारी तिकडे फिरकलो नाही. मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी फक्त बघितलं नाही. आमच्या घरी हे सगळ्यांनाच चांगलं जमतं.

नवव्या दिवशी भाडेकरू आला. हॉस्पिटलातली सिस्टर, चाळिशीची, आणि तिचे वडील. ते जन्मभर शिवणकाम केलेले, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. गुडघे गेलेले, दोन पावलं टाकायची तर भिंत धरावी लागायची. तरी खिशात शिवणाचा पांढरा खडू आणि गळ्यात टेप. सिस्टर मला ‘मालक’ म्हणाली. तेवीस वर्षांत मला कुणी कशाचाही मालक म्हटलं नव्हतं.

“बाबांना बोळातच झोपवते,” ती म्हणाली. “दोन्ही खोल्यांतून लक्ष राहतं. आणि मालक, स्पष्ट विचारते हं. भाडं कमी आहे. घरात काही आहे का?”

मास्तर पलंगावर टेकले होते, अगदी नव्या भिंतीला पाठ लावून.

“काही नाही,” मी म्हटलं. “कागदात एक जुनी वहिवाट आहे. गटाराची.”

आवाज माझा होता, पण त्याची लकब काकांची होती. मला ते ऐकू आलं.

मास्तर माझ्या शर्टाकडे बघत होते. “बाळ, तुझा डावा खांदा दीड बोट उतरलाय. कुणी शिवला हा?”

“तयार घेतलाय.”

“तरीच. एक दिवस निवांत ये, माप घेतो. एकदा माप घेतलं की मी गिऱ्हाईक सोडत नाही.” ते हसले. सिस्टर म्हणाली, “बाबा, ते मालक आहेत.” मास्तर म्हणाले, “मालकालाही खांदे असतात.”

चार दिवसांनी तिचा फोन आला. बाबा दुपारी घाबरतात, जरा येऊन जाल का, मी ड्यूटीवर आहे. मी सकाळी गेलो. दुपारी नाही.

मास्तर घाबरलेले दिसत नव्हते. विचारात दिसत होते. “दुपारी कुणी येतं, बाळ,” ते म्हणाले. “मी मोजलंय. मोजायची सवय जात नाही. दारापासून बारा पावलं जमिनीवर… तेरावं माझ्यावर.”

“तुमच्यावर?”

त्यांनी पंजा छातीच्या मधोमध ठेवला. “इथे. मग पुढे जाता येत नाही त्याला. उभा राहतो. माणूस वाईट नाही. वजन मात्र आहे.”

“दमा असेल, मास्तर.”

“असेल.” ते वळले आणि मागच्या भिंतीवर अंगठा फिरवला. “इथे दार होतं का रे? रफू कितीही बारीक केला तरी शिंप्याला दिसतो.”

“कपाट होतं,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं आणि मान हलवली, गिऱ्हाइकाने खोटं कारण सांगून कपडा परत आणल्यावर हलवतात तशी. पलंग खोलीत सरकवा, एवढंच मला सांगायचं होतं. दोन माणसांचं पाच मिनिटांचं काम. पण मग सिस्टर विचारणार का, आणि का ते सांगितलं की ती जाणार, आणि ती गेली की उशीवरचा अर्ज. महिना भरू दे, मी ठरवलं. महिना भरला की भिंत फोडू.

तीन महिन्यांची मुदत संपली त्या रविवारी बाबा घर बघायला आले, सकाळी. मास्तरांशी दोन शब्द बोलले, भिंती ठोकून बघितल्या. जिना उतरताना म्हणाले, “बरं केलंस.” आईच्या आजारपणातही त्यांनी मला एवढं लांब वाक्य ऐकवलं नव्हतं. मी ते शब्द घेऊन घरी आलो आणि अर्ज फाडला.

मंगळवारी मास्तर गेले.

सिस्टरने ते मला नंतर सांगितलं, जिन्याच्या पायरीवर बसून, रुग्णाची हकीकत सांगावी तशा आवाजात. ती दोन वाजता ड्यूटीवर गेली. दार ओढून घेतलं, मास्तरांनी भिंत धरत येऊन आतून कडी लावली. चारला तिने फोन केला.

“म्हटलं, बाबा, चहा घेतला का. ते म्हणाले, ठेव आता, जातो. नुसतं जातो म्हणाले. आयुष्यभर ‘येतो’ म्हणायचे. कोपऱ्यावर दोरा आणायला गेले तरी ‘येतो’. मी लहानपणी एकदा ‘जाते’ म्हटलं तर फटका दिला होता.”

पुढचं दार फोडावं लागलं, कारण आतली कडी तशीच होती. पलंग रिकामा. चादरीला सुरकुती नाही. पलंगाखालच्या सपाता मात्र नव्हत्या. भिंत जशीच्या तशी, रंगाला चीरसुद्धा नाही. आणि मास्तर भिंतीच्या पलीकडे, खाली गल्लीत, सपाता घातलेले. पोलिसांनी ‘गच्चीवरून पडला’ असं लिहिलं. गच्चीला कुलूप होतं, आणि मास्तरांना एक पायरी चढता येत नव्हती. पण कागदावर काहीतरी लिहावं लागतं.

सामान ट्रकमध्ये चढल्यावर सिस्टर किल्ली द्यायला आली.

“मालक, गटाराची म्हणाला होतात ना?”

“हो.”

तिने किल्ली माझ्या हातात न देता कठड्यावर ठेवली आणि खाली उतरून गेली. येते म्हणाली नाही, जातेही म्हणाली नाही.

काका संध्याकाळी आले. “म्हातारी माणसं मरायचीच. त्याचं काय घेऊन बसलास? दुसरा भाडेकरू बघ.” मी कपाटातून आमच्या राहत्या घराचा, आजोबांच्या हातचा कागद काढला आणि माझा कागद त्याच्याशेजारी ठेवला. आजोबांच्या कागदात लिहिलं होतं : ‘जाण्या-येण्याची वहिवाट’. माझ्यात नुसतं ‘जाण्याची’. एक शब्द कमी. मी दोन्हीवर बोट ठेवून काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

“लिहिणाऱ्याची चूक,” ते म्हणाले. बाबा टेबलाकडे बघत होते. मला चीड यायला हवी होती. आली नाही. मी बॅग भरली आणि त्या घरी राहायला आलो.

भिंत मी स्वतः फोडली, जुनं दार परत बसवलं. आता चार वाजून दहा मिनिटांनी दोन्ही दारं उघडतो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. महिनाभर नुसती मुरमावरची पावलं जात होती, पूर्वीसारखी.

गेल्या आठवड्यात लगेच आला. एक नवा मुलगा आहे म्हणाला, लग्न ठरलंय, पहिलंच घर घेतोय, वडिलांना दाखवून द्यायचंय त्याला. “कागद फार वाचत नाही. लगेच होईल. शुक्रवारी पावणेचारला आणू?”

मी म्हटलं, “आणू नकोस. घर विकायचं नाही.”

“मग भाड्याने?”

“भाड्यानेही नाही.”

“वेडे आहात,” लगेच म्हणाला. त्यापुढे ‘लगेच’ काही नव्हतं.

त्या शुक्रवारी दारं उघडून उभा राहिलो. मातीचा वास आला. मुरमावरची पावलं आली, माझ्यामागून गेली, मागच्या दाराबाहेर संपली. मी दारं लावायला वळणार, तोच पुढच्या दारातून दुसरा आवाज आला. फरशीवर सपाता घासत… भिंतीला हात लावत लावत… मी डोळे मिटले. बारा मोजले. तेरावं पाऊल माझ्यामागे थांबलं आणि पुढे गेलं नाही.

काही झालं नाही. पाठीवरून काहीतरी हलकं सरकलं, बस्स. थोड्या वेळाने दार लावलं, चहा केला.

शर्ट काढला तेव्हा दिसलं. शर्टाच्या पाठीवर एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत खडूची सरळ, पांढरी रेघ. डाव्या खांद्यावर दीड बोट वर एक बारीक फुली.

शनिवारी दुसरा शर्ट घातला. त्यावर छातीचं माप होतं. रविवारी बाहीचं. काल गळ्याचं.

आता उंची तेवढी राहिली आहे. सव्वातीन वाजलेत. दारं उघडायला अजून वेळ आहे.